जेवणाचं जमत नाही हो

मे महिना लागला आणि ऋषिराज सरांनी घरात जाहीर केलं, "आजपासून महिनाभर पोरं बाहेरचा एक कण खाणार नाहीत. सगळं घरचं, ताजं आणि माझ्या हातचं!"

ऐकायला तिघंच होती. बायको अंकिता बॅग भरत होती. पावणेतीन वर्षांची क्रांती त्या बॅगेतच बसली होती आणि तिचा जुळा भाऊ शिवतेज पेपरचा कोपरा चघळत होता. पेपर बाहेरून आलेला असल्यामुळे घोषणेचा भंग पहिल्याच मिनिटाला झाला होता. पण सर मनानं मोठे, त्यांनी तो धरला नाही.

सर सांगलीला विश्रामबागेतल्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, त्यामुळे त्यांना सुट्टी होती. अंकिताला शिरवळच्या एका औषध कारखान्यानं तपासणी विभागाची प्रमुख म्हणून बोलावलं होतं. आधी एक महिना विनासुट्टी काम बघायचं आणि पुढं वर्षभर राहणार की नाही ते जूनच्या पहिल्या सोमवारी कळवायचं, असं ठरलं होतं. अशी संधी सात वर्षं वाट बघून आली होती. अंकितानं क्रांतीला बॅगेतून उपसलं आणि सरळ सांगितलं, "पोरं नीट जेवत राहिली तर मी हो म्हणेन. वाळली तर नाही. मला तिकडं घास घशाखाली उतरणार नाही."

"अगं, पोरांना खायला घालणं म्हणजे काय रॉकेट सोडणं आहे?" सर हसले. त्यांना वाटत होतं की रॉकेट जास्त अवघड असतं.

हा करार सरांच्या वडिलांच्या कानावर गेला आणि त्याला सरकारी स्वरूप आलं. लालासाहेब फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन वाईच्या अलीकडं, पाचवड फाट्याच्या आत त्यांच्या गावी राहायचे. एप्रिलात जत्रेला पोरं गावी आली तेव्हा त्यांनी गावच्या दूध डेअरीच्या काट्यावर दोघांची वजनं करून चिठ्ठी खिशात ठेवली होती. त्यांनी फोनवर फर्मावलं, "महिना संपला की पोरं हजर करायची. त्याच काट्यावर वजन हुईल. ध्यानात ठेव, लढाई कुनीबी करतंय, रसद सांभाळणारा मानूस लागतोय."

रसदप्रमुखांनी त्याच दिवशी 'उन्हाळी आहार आराखडा' तयार केला. वार, वेळ, पदार्थ, कॅलरी आणि शेवटी 'निरीक्षण' असा रकाना. कागद लॅमिनेट करून फ्रिजवर लावला. शिवतेजनं तो दुपारी काढून त्याच्यावर बसून घसरगुंडी केली.

पहिला पदार्थ नाचणीची खीर. नाचणीचं पीठ थंड पाण्यात कालवून मग चुलीवर ठेवतात, एवढी एक गोष्ट इंटरनेटवरच्या बाईनं घाईत सांगितली होती. सरांनी पीठ उकळत्या दुधात टाकलं. खिरीच्या जागी गोट्या तयार झाल्या. क्रांतीनं एक गोटी तोंडात घातली, विचार केला आणि बापाच्या तळहातावर जशीच्या तशी परत केली. शिवतेजनं मात्र गोट्यांचा चांगला उपयोग केला. त्या सोफ्याखालून पुढं आठ दिवस निघत होत्या. निरीक्षणाच्या रकान्यात सरांनी लिहिलं, 'प्रतिसाद मर्यादित.'

दुसऱ्या दिवशी पालकाच्या पुऱ्या. त्या गोल न करता ट्रकच्या आकाराच्या करायच्या म्हणजे मुलं आवडीनं खातात, असं त्याच बाईचं म्हणणं. मुलांनी आवडीनं त्या भिंतीवर चालवल्या. तिसऱ्या दिवशी सर स्वयंपाक करत असताना दोन्ही पोरं पायांत, ओट्याखाली आणि एकदा तर तांदळाच्या डब्यात सापडली. हातात गरम कढई आणि पायाला लोंबकळणारा शिवतेज अशा अवस्थेत माणसाचा आत्मसन्मान फार काळ टिकत नाही. सर पोरांना दोन काखांत घेऊन खाली गेले आणि आक्काताईंचं दार वाजवलं.

आक्काताई आणि त्यांचे मालक जिनदत्त हे खालच्या मजल्यावरचं जैन जोडपं. मुलं बंगळूरला, घरात दोघंच. आक्काताईंचं घर इतकं लख्ख की सर दारात चप्पल काढताना मोजेही काढावेत का या विचारात पडायचे.

"आक्काताई," सर घाम पुसत म्हणाले, "रोज संध्याकाळी सहा ते सात पोरांचं जरा बघाल का? अंकिता नाही, आणि जेवणाचं जमत नाही हो मला."

आक्काताईंनी त्यांच्याकडं मोठ्या मायेनं बघितलं. "आवं, त्यात काय सांगायचं सर? पाठवा की. आमालाबी घर खायला उठतंय. तुमी काय काळजी करू नगासा, आनि मनालाबी लावून घेऊ नगासा."

मनाला लावून घेण्यासारखं यात काय आहे ते सरांना कळलं नाही. पण शांतपणे कढई हलवायला रोज एक तास मिळाला, म्हणून त्यांनी पुढं विचारलं नाही. माणसाची फजिती होते ती अशा न विचारलेल्या प्रश्नांतूनच.

यानंतर सरांच्या हाताला खरोखर चव आली. निवांत तास मिळाल्यावर थालीपीठ खुसखुशीत झालं, आंबोळीला जाळी पडली. सातला पोरं वर यायची, हातपाय धुतलेली, केस विंचरलेले. आक्काताईंच्या टापटिपीचं सरांना कौतुक वाटायचं. आठ वाजता ताटं मांडली जायची. सर डाव्या हातात वही, उजव्या हातात चमचा घेऊन समोर उभे राहायचे. "आऽ कर. चिऊचा घास. काऊचा घास. लालासाहेबांचा घास." पोरं ओठ आवळून बसायची. क्रांती मान हलवायची, शिवतेज जांभई द्यायचा आणि नऊच्या आत दोघंही गाढ झोपायची.

सकाळी दूध-केळं, दुपारी दोन घास भात, एवढंच काय ते पोटात जाताना दिसत होतं. आणि अन्न टाकायचं नाही हा आईचा संस्कार, म्हणून उरलेलं सगळं सर खायचे. आराखड्यातल्या सहाशे अधिक सहाशे कॅलरी त्यांच्या स्वतःच्या कॅलरींत मिळायला लागल्या. पंधरा दिवसांत पँटचं बटण तुटलं. ते त्यांनी निरीक्षणात लिहिलं नाही.

रोज रात्री अंकिताचा व्हिडिओ फोन यायचा. "पोरांनी खाल्लं का रे?" सर म्हणायचे, "मस्त!" मग फोन ठेवल्यावर ते उरलेलं थालीपीठ खायचे.

सल्ला द्यायला कोणी पैसे घेत नाही, म्हणून तो फार मिळतो. पेपरवाल्यानं जिन्यात गाठून सांगितलं, "सर, तिखट कमी घाला." सरांनी तिखट बंद केलं. दूधवाला म्हणाला, "पोरांना भूकच न्हाई, पळवा त्यास्नी." सरांनी गच्चीवर पळवली. दोन दिवसांत सरांची कंबर धरली आणि भूक लागली, तीही सरांनाच. शेवटी कॉलेजातले एक सहकारी म्हणाले, "घरात खात नाहीत ना? बाहेर न्या. मोकळ्या हवेत दगडसुद्धा पचतो."

रविवारी सर पोरांना आणि एक भरगच्च डबा घेऊन हरिपूरला संगमावर गेले. कृष्णा आणि वारणा जिथं मिळतात तिथं वाळूत चादर अंथरली. पोरं वाळूत रमली. सरांनी डबा उघडला, तूप लावलेली थालीपिठं, दही, गुळाचा खडा. पोरांना हाक मारली. पोरांनी वळून बघितलं आणि पुन्हा खड्डा खणायला लागली. सर त्यांना आणायला उठले आणि परत आले तेव्हा चादरीवर एक शेळी जेवत होती. शांतपणे, एकेक थालीपीठ, घाई नाही. मग दही. शेवटी गूळ, मुखशुद्धी म्हणून.

शेळीची मालकीण राहीबाई काठी टेकत आली. "आगं बया! सगळं खाल्लं व्हय गं?" तिनं शेळीच्या पाठीवर हात फिरवला आणि सरांकडं बघितलं. "कुनी केल्ती रं बाबा थालपिटं?"

"मी."

"चांगली झाल्ती मग. माझी शेरडी लय नखऱ्याची हाय, शिळंपाकं शिवत न्हाई."

गेल्या वीस दिवसांत सरांच्या स्वयंपाकाला मिळालेली ही पहिली दाद. सरांचा ऊर भरून आला, आणि लगेच स्वतःची कीवही आली. बी.एड. झालेला माणूस शेळीच्या शेऱ्यावर खूश होऊ लागला की समजावं, दिवस बरे नाहीत.

असा महिना संपला. वजनाचा शनिवार उजाडला. अंकिता शिरवळहून परस्पर गावी येणार होती, सर सांगलीहून पोरांना घेऊन निघाले. आरशात त्यांना मागच्या सीटवर पट्ट्यांत अडकलेली दोन पोरं दिसत होती आणि ती त्यांना काडीसारखी वाटत होती. खरं तर क्रांतीच्या गालाला सीटचा पट्टा रुतत होता. पण काळजीनं माणसाची नजर बिघडते.

कराड मागं पडल्यावर रस्त्याकडेला कलिंगडांचा ढीग दिसला आणि फिजिक्सच्या शिक्षकाच्या डोक्यात एक पापी विचार आला. कलिंगड म्हणजे पाणी. पाण्याला वजन असतं. एक लिटर म्हणजे एक किलो. पोरांच्या पोटात अर्धा अर्धा लिटर गेलं आणि काट्यापर्यंत आत राहिलं, तर... सरांनी गाडी थांबवली. कलिंगड पोरांनी मात्र आनंदानं खाल्लं. वर ताक दिलं, तेही प्यायली. आता एकच नियम पाळायचा होता, गाडी थांबवायची नाही.

उंब्रजला क्रांती म्हणाली, "पप्पा, शू."

"आलंच गं आज्जीचं घर."

साताऱ्याजवळ शिवतेज म्हणाला, "पप्पा, शूऽ!"

"शाब्बास, सुभेदाराचा नातू ना तू? धर!"

सुभेदाराच्या नातवानं लिंबखिंडीपर्यंत धरलं. पुढं निसर्गानं आपलं काम केलं, आणि एकाला लागलं की दुसऱ्याला लागतंच, या नियमानं क्रांतीनंही भावाला साथ दिली. सरांचं अर्धा अधिक अर्धा लिटर भांडवल सीटकव्हरमध्ये जिरलं. पाचवड फाट्यावर पोरांची चड्डी बदलताना सरांनी आभाळाकडं बघितलं आणि आपण लबाडी करायला निघालो होतो याची त्यांना मनापासून लाज वाटली.

सहाच्या सुमाराला ते डेअरीवर पोचले. अंकिता आधीच आली होती. पोरं तिच्या अंगावर अशी झेपावली की तिचा तोलच गेला. महिन्यात ती स्वतःच वाळली होती. बाजूला कडक इस्त्रीच्या शर्टात लालासाहेब, मागं सरांच्या आई अंजनाबाई, आणि कॅन-बादल्या घेऊन उभी निम्मी गल्ली.

डेअरीचा सचिव नानासो कॉम्प्युटरवर बसला होता. "आण्णा, गेल्या टायमाला काटा साधा हुता. आता मशीन नवीन आलंय. सभासदाचा कोड टाकल्याबिगर वजन घेत न्हाई."

"टाक माझा कोड," लालासाहेब म्हणाले.

"टाकला. आता इचारतंय, गाय का म्हस?"

"आरं, नातू हाय माझा!"

"त्याला नातू कळत न्हाई, आण्णा. दोनच बटनं हाईत."

थोडी चर्चा झाली. शेवटी शिवतेज म्हैस म्हणून काट्यावर चढला. मशीननं घरघर केली आणि चिठ्ठी बाहेर टाकली. नानासोनं खड्या आवाजात वाचलं, "तेरा किलो सहाशे!"

लालासाहेबांनी खिशातली जुनी चिठ्ठी काढली. बारा किलो सातशे होती. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितली. मग क्रांती गाय म्हणून चढली. एक किलो शंभरची वाढ.

"फॅट बी काढू का?" नानासोनं विचारलं.

सर काट्याच्या कोपऱ्याला धरून उभे होते. त्यांना काहीच समजत नव्हतं. रात्रीचा एक घास न खाता पोरं किलो-किलोनं वाढली, हे फिजिक्समध्ये कुठं बसत नव्हतं. पण अंकिताच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यांनी बघितलं आणि फिजिक्स सोडून दिलं. "सर, तुमी बी चढा की," नानासो म्हणाला. सर म्हैस म्हणून चढले. आकडा ऐकून गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

लालासाहेबांनी तिथल्या तिथं मटणाचा हुकूम सोडला. घरी अंजनाबाईंचा रस्सा शिजेपर्यंत सर ओसरीवर बसून आल्यागेल्याला आहारशास्त्र सांगत होते. "मुलांना चव लावावी लागते. जबरदस्ती नको. वैज्ञानिक दृष्टी हवी." अंकिता कौतुकानं ऐकत होती. सरांचा स्वतःवर हळूहळू विश्वास बसत चालला होता.

पावणेआठला पंगत बसली. पोरांपुढं भाकरी कुस्करून, वर रस्सा. शिवतेजनं ताटाकडं बघितलं, मग दाराबाहेरच्या अंधाराकडं बघितलं आणि दोन्ही हात जोडले.

"दिवश बुडला," तो म्हणाला. "आता नाई जेवायचं."

"काय म्हनतोय त्यो?" लालासाहेबांचा घास हातातच राहिला.

क्रांतीनं ताट दोन बोटांनी मागं सारलं, वास घेतला आणि आजोबांना गंभीरपणे विचारलं, "यात कांदा हाय?"

फौजेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला कधीही कोणी असा प्रश्न विचारला नव्हता. "आरं, मटान हाय ते! कांदा न्हाईतर काय साखर असतीया त्यात?"

"मग नको. आक्का नाई देत."

अंकितानं फोन उचलला आणि आक्काताईंना लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"आवं अंकिता," पलीकडून आवाज आला, "सरांनीच सांगितलं की, जेवणाचं जमत न्हाई, पोरांचं बघा म्हणून. आमी सव्वासहाला बसतोय, दिवस बुडायच्या आत. पोरंबी बसत्यात शेजारी. वरणभात, तूप, कधी शिरा. लय गुणाची पोरं बघा. तुमच्या कानावर घालनार हुते, पर म्हटलं, गड्यामानसाला आपलंच कमीपन वाटंल. र्‍हाऊ दे."

सरांना जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण आता त्यांचं वजन बघता जमिनीलाही विचार करावा लागला असता.

"म्हंजी," लालासाहेब मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "रसद दुसऱ्याच पलटणीची हुती."

लोक हसले. अंकिता हसली नाही. ती हळूच म्हणाली, "आक्काताई देवमाणूस आहेत. पण त्या बंगळूरला मुलांकडं गेल्या तर? वर्षभर दुसऱ्याच्या जिवावर कसं जायचं मी? सोमवारी नाही म्हणून कळवते."

सरांना इतके दिवस आपल्या मानपानाची काळजी होती. ती त्या क्षणी गळून पडली. ही बाई सात वर्षांनी मिळालेली खुर्ची सोडायला निघाली होती, आणि ती आपल्यामुळं. "थांब," ते म्हणाले. "मी तुझ्याशी महिनाभर खोटं बोललो. पोरांनी माझ्या हातचं काही खाल्लं नाही. पण उद्याचा एक दिवस दे. उद्या खाल्लं नाही, तर तू म्हणशील ते."

रविवारी सकाळी त्यांनी मागच्या परसात जाऊन आक्काताईंना फोन लावला आणि वही उघडली. "कृती सांगा."

"कसली कृती सर? तांदूळ, मुगाची डाळ, हळद, जिरं, वर तूप. मऊ शिजवायचं. खरं, एक सांगा, पोरं जेवताना तुमी काय करतासा?"

"मी समोर उभा राहून भरवतो. आणि लिहून घेतो."

"आगं बाई!" आक्काताई म्हणाल्या. "आवं, परीक्षा हाय काय ती? शेजारी बसा आनि तुमी जेवा. पोरांकडं बघायचंसुदिक न्हाई."

सरांनी वही मिटली.

संध्याकाळी सहाला ओसरीवर पंगत मांडली. पंगत म्हणजे सगळ्यांची, अशी सरांनी अट घातली. लालासाहेबांनी कालच्या रश्श्याकडं एकदा आशेनं बघितलं आणि पाटावर बसले. "दवाखान्यातलं जेवान," ते पुटपुटले. ऊन अजून समोरच्या उसाच्या शेंड्यांवर होतं. सरांनी सगळ्यांना खिचडी वाढली, पोरांना वाढली, पोरांशेजारी मांडी घातली आणि आपल्या ताटात खाली बघून जेवायला लागले. कानात जीव आणून ते ऐकत होते.

मग शेजारून मचमच असा आवाज आला. सरांनी मान वळवली नाही, फक्त डोळे. शिवतेज पाच बोटांनी खिचडी तोंडात कोंबत होता. क्रांतीच्या नाकालाही लागली होती. बोटं चाटून तिनं रिकामी ताटली उचलली आणि बापाच्या मांडीवर आपटली.

"पप्पा, अजून!"

सरांच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. त्यांनी ते लपवलं नाही. अंकितानं त्यांच्याकडं बघितलं, उजवा हात खरकटा म्हणून डाव्या हातानं फोन काढला आणि अंगठ्यानं कारखान्याला दोनच शब्द पाठवले, 'मी येते.'

सर डोळे पुसत उठले आणि पोरीला वाढायला पातेल्यात डाव घातला. डाव तळाला खटकन् वाजला. पातेलं पुसून घेतल्यासारखं स्वच्छ होतं. महिनाभरात त्यांचं भांडं पहिल्यांदाच दुसऱ्या माणसांनी संपवलं होतं.

लालासाहेब मिशीचं तूप पुसत होते. "बगतोस काय असा?" ते म्हणाले. "दुसरं पातेलं चढीव की बिगीबिगी, दिवस बुडायला आलाय!"